देवाजीपंत चोरघडे : सल्ला कुणासाठी?

भिलाईच्या सुपेला भागातून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड पश्चिमेकडे दुर्ग, राजनांदगाव करीत नागपूरला पोचतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि या वाटेने विदर्भातली अनेक मराठी कुटुंबे इकडे येऊन स्थायिक झाली. त्यांच्या पुढच्या पिढीला सहजच असे वाटते की मराठी माणूस या मुलखात आला तो कारखान्यामुळे. पण मराठी माणूस इथे त्याच्या कितीतरी आधी आलेला होता. तेव्हा तो नोकरीसाठी आला नव्हता, राज्य करण्यासाठी आला होता. ते राज्य कसे चालले, त्याचे निर्णय कोण घेत होते आणि त्या निर्णयांची किंमत कुणी मोजली, हे प्रश्न छत्तीसगडमधल्या मराठी वाचकाने स्वतःला एकदा तरी विचारायला हवेत.

१७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूरच्या हैहय राजाला नमविले. पुढे १७५८ च्या सुमारास रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत त्यांनी इथला कारभार पाहिला. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधले. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल आणि दप्तरातली मोडी लिपी छत्तीसगडात त्यांच्याच काळी आली, असे इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगितले जाते. बिंबाजींनंतर मात्र नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले तेव्हा छत्तीसगडही त्याबरोबर इंग्रजांकडे गेले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे इथल्या रयतेचे भवितव्य नागपूरच्या वाड्यात ठरत होते. आणि त्या वाड्यात, त्यातल्या सर्वांत निर्णायक पंचवीस वर्षांत, ज्या एका माणसाच्या सल्ल्याला सर्वाधिक वजन होते त्याचे नाव दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे, म्हणजेच देवाजीपंत.

मराठी वाचकाला हे नाव बहुधा एका म्हणीसारख्या शब्दप्रयोगातून माहीत असते. पेशवाईतले 'साडेतीन शहाणे' कोण, असे विचारले की उत्तर येते : पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणीस. पहिले तिघे मसलतीबरोबर तलवारही चालवीत, नाना केवळ मसलतीचे. म्हणून ते अर्धे, असा खुलासा सहसा दिला जातो. या वर्गीकरणात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. यात एकही राजा नाही, एकही पेशवा नाही. लोकांनी शहाणपणाची पदवी दिली ती गादीवर बसणाऱ्यांना नाही, तर गादीच्या मागे उभे राहून कानात बोलणाऱ्यांना. आज ज्याला आपण राजकीय सल्लागार म्हणतो, त्या जातीची ही अठराव्या शतकातली माणसे. ती जितकी नावाजली गेली तितकीच वादग्रस्तही ठरली. देवाजीपंतांच्या बाबतीत हा वाद आजही मिटलेला नाही : त्यांनी नागपूरचे राज्य तारले की मराठी राज्याच्या मुळावर घाव घातला?

सल्लागाराचे महत्त्व केव्हा वाढते? धनी दुबळा असतो तेव्हा, असे सर्वसाधारण उत्तर दिले जाते. ते पुरेसे नाही. धनी अडचणीत असतो आणि त्याला एकाच वेळी अनेक दारे उघडी ठेवावी लागतात, तेव्हा ते वाढते. नागपूरची नेमकी हीच अवस्था होती. १७५५ साली पहिले रघूजी वारले. मागे चार पुत्र : जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी. जानोजी वयाने थोरले, तर मुधोजी थोरल्या राणीचे. वारसाचा तंटा पुण्याला गेला. नानासाहेब पेशव्यांनी सेनासाहेबसुभा हे पद जानोजींना दिले, मुधोजींना सेनाधुरंधर पद देऊन चांद्याकडे बसविले, साबाजींना वऱ्हाडात दारव्ह्याकडचा मुलूख दिला आणि बिंबाजींना छत्तीसगड. हा निवाडा फुकट नव्हता. पेशव्यांना त्याबद्दल मोठा नजराणा द्यावा लागला. सेनासाहेबसुभा हे पद मुळात छत्रपती शाहू महाराजांकडून आलेले. पेशवाही छत्रपतींचाच नोकर. तरीही त्या पदाची सनद मिळवायला भोसल्यांना पेशव्यांच्या दारी जावे लागले, ही सल नागपूरच्या वाड्यात कायमची राहिली.

भूगोलानेही जानोजींना स्वस्थता दिली नाही. पश्चिमेला पुणे, दक्षिणेला निजाम, घरात भाऊ, आणि पूर्वेला बंगाल. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने भोसल्यांना ओरिसा आणि बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये मिळू लागले होते. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी इंग्रजांकडे गेली आणि ती चौथाई थकली. कटक मात्र भोसल्यांकडेच होते, आणि बंगाल व मद्रास यांच्यामध्ये पडणारा तो मुलूख इंग्रजांना हवा होता. अशा चार आघाड्यांच्या मध्ये बसलेल्या राजाला लढवय्या सेनापतीपेक्षा चारही दरबारांत पत्रव्यवहार सांभाळणारा मुत्सद्दी अधिक लागतो. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडचे देवाजीपंत या गरजेतून मोठे झाले.

आता त्यांच्या काळातील सर्वांत गाजलेले प्रकरण पाहू. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचा कलह सुरू झाला. १७६२ मध्ये आळेगावला माधवरावांनी शरणागती पत्करली. घर फुटले तरी राज्य फुटू नये एवढाच त्यांचा हेतू होता. पण सत्ता हाती येताच राघोबांनी पटवर्धनांसारख्या सरदारांना दुखविले आणि असंतुष्टांचा ओघ निजामाकडे वळला. निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर यांनी ही संधी नेमकी हेरली. भोसले हे छत्रपतींच्याच कुळनामाचे. मग साताऱ्याचा कारभार पेशव्यांच्या हातातून काढून जानोजींच्या हाती का देऊ नये? हे आमिष मोठे होते आणि ते जुन्या सलीवर नेमके बोट ठेवणारे होते. जानोजी निजामाला मिळाले.

१७६३ च्या उन्हाळ्यात निजाम आणि भोसले यांच्या फौजा पुण्यावर चालून आल्या. शहर लुटले गेले, जाळपोळ झाली, लोकांना घरेदारे सोडून पळावे लागले. सिंहगडाच्या आश्रयाला नेलेली मालमत्ता आणि कागदपत्रेही सुटली नाहीत. मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी हस्तलिखिते तिथे नष्ट झाली, याची हळहळ ग्रँट डफने आपल्या इतिहासात व्यक्त केली आहे. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला ही नोंद विशेष बोचते. घर पुन्हा बांधता येते, जळलेले दप्तर पुन्हा लिहिता येत नाही. इकडे पेशव्यांच्या फौजांनीही तेच केले. त्यांनी निजामाचा आणि भोसल्यांचा मुलूख लुटला. म्हणजे दोन दरबारांच्या मसलतीची वसुली दोन्हीकडच्या रयतेकडून झाली.

आणि मग पारडे फिरले. राघोबांकडून जानोजींकडे गुप्त निरोप गेला : निजामाची साथ सोडा, बत्तीस लाखांचा मुलूख देऊ. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा काही भाग नदीपार झालेला असताना मराठ्यांनी उरलेल्या फौजेला गाठले. जानोजींनी निजामाच्या बाजूने हात उचलला नाही. विठ्ठल सुंदर रणात पडले. साडेतीन शहाण्यांपैकी एक संपला, तो दुसऱ्याच्या दरबाराने साथ सोडली म्हणून. ठरल्याप्रमाणे जानोजींना बत्तीस लाखांचा मुलूख मिळाला.

नागपूरच्या वाड्यात त्या दिवशी या मसलतीची केवढी वाहवा झाली असेल याची कल्पना करता येते. स्वतःचे फारसे माणूस न गमावता, दोन बलाढ्य पक्षांच्या मध्ये उभे राहून, ऐन वेळी बाजू बदलून एवढा मोठा लाभ! आजच्या निवडणूक-सल्लागारांच्या भाषेत हा यशस्वी प्रचाराचा आदर्श नमुना ठरला असता. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. मुलूख देताना अठरा वर्षांच्या माधवरावांनी जानोजींना उघडपणे सुनावले, की तुम्ही दोन्ही पक्षांशी दगा केलात. दिलेला शब्द त्यांनी पाळला, पण दिलेल्या मुलखाबरोबर अविश्वासाची नोंदही झाली. ही नोंद कोणत्याही सनदेत नव्हती. पुढली सहा वर्षे पुण्याने नागपूरशी जो व्यवहार केला तो सगळा या नोंदीवरून केला.

कारण हिशेब असा आहे. १७६६ मध्ये माधवरावांनी त्याच निजामाला बरोबर घेऊन जानोजींवर स्वारी केली. तीन वर्षांपूर्वी ज्यांना एकमेकांविरुद्ध खेळविले, ते दोघे आता एकत्र आले होते. आणि एकत्र आणणारा धागा होता नागपूरविषयीचा समान राग. बत्तीस लाखांपैकी चोवीस लाखांचा मुलूख परत द्यावा लागला. उरले आठ लाख. यातून धडा घ्यायचा तर घेता आला असता. पण राघोबा आणि माधवराव यांच्या भांडणात पुन्हा एकदा जानोजींचा कल राघोबांकडे झुकला. जून १७६८ मध्ये धोडपला राघोबा पकडले गेले आणि शनिवारवाड्यात कैद झाले. आता नागपूरची पाळी होती.

१७६९ च्या आरंभी पेशव्यांच्या फौजा वऱ्हाडातून नागपूरवर आल्या. नागपूर लुटले गेले. चांद्याला वेढा पडला. जानोजींनी समोरासमोरची लढाई टाळली, हुलकावण्या देत ते पश्चिमेकडे वळले आणि थेट पुण्याच्या रोखाने निघाले. पुण्यात पुन्हा १७६३ ची आठवण जागी झाली आणि लोक सामान बांधू लागले. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ही चाल अव्वल होती. वेढा सोडवायला शत्रूच्या घरावर जाणे याहून चांगला उपाय नाही. दोन्ही बाजू थकल्या आणि मार्च १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. नागपूरच्या बाजूने या वाटाघाटीत देवाजीपंत पुढे होते.

या तहाची कलमे प्रत्येक प्रशासकाने एकदा वाचावीत अशी आहेत. १७६३ च्या देणगीपैकी उरलेला आठ लाखांचा मुलूख परत द्यावा. पेशव्यांना दरसाल पाच लाख एक रुपया पाच हप्त्यांनी द्यावा. पेशव्यांच्या आणि निजामाच्या मुलखातून घासदाणा वसूल करू नये. पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढवू नये अथवा कमी करू नये, आणि बोलावणे येईल तेव्हा फौजेसह हजर व्हावे. दिल्लीचा बादशहा, इंग्रज, निजाम, रोहिले, अयोध्येचा नबाब यांच्याशी स्वतंत्र पत्रव्यवहार करू नये. ओरिसात इंग्रजांकडे आणि निजामाकडे महसुली कामापुरते वकील ठेवावेत. उलट पेशव्यांनी हिंदुस्थानात फौजा नेताना भोसल्यांच्या मुलखाला उपद्रव देऊ नये आणि भोसल्यांवर परचक्र आल्यास मदत करावी.

आता बेरीज मांडून पाहा. १७६३ मध्ये अधिक बत्तीस लाख. १७६६ मध्ये वजा चोवीस. १७६९ मध्ये वजा आठ. आणि वर दरसालचे पाच लाख एक रुपया देणे. सहा वर्षांच्या मुत्सद्देगिरीची शिल्लक शून्याच्याही खाली गेली. शिवाय नागपूरची लूट झाली, चांद्याला वेढा पडला, आणि परराष्ट्रव्यवहाराचा हक्क, जो देवाजीपंतांसारख्या मुत्सद्द्याचा श्वासच होता, तोच कागदोपत्री संपला.

याचा अर्थ देवाजीपंत वाईट सल्लागार होते असा काढायचा का? इतक्या झटपट निकाल देणे योग्य नव्हे. त्यांच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की त्यांची निष्ठा बदलली नाही. पक्ष बदलले ते नागपूरने. पंत नागपूरचेच राहिले. सखारामबापूंच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. ते राघोबांचेही कारभारी होते, माधवरावांचेही, मग राघोबांविरुद्धच्या बारभाईंचेही, आणि १७७६ च्या पुरंदरच्या तहावर त्यांचे नाव आहे. शेवटी नानांना त्यांच्यावर विश्वास ठेवता येईना. ते १७७९ मध्ये कैद झाले आणि १७८१ मध्ये रायगडावर बंदिवासात वारले. दुसरी गोष्ट अशी, की पेशवे आपल्याला गिळतील ही नागपूरची भीती काल्पनिक नव्हती. कनकापूरची कलमेच त्याचा पुरावा आहेत. तिसरी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट : यातला कोणता निर्णय पंतांचा आणि कोणता जानोजींचा, हे आज वेगळे काढता येत नाही. सल्ला कानात दिला गेला. त्यावर सही नव्हती. म्हणून बत्तीस लाख मिळाले तेव्हा लोकांनी त्यांना शहाणे म्हटले, आणि ते गेले तेव्हा दोष जानोजींच्या चंचलपणावर गेला. नोंद नसलेल्या सल्ल्याचे हेच वैशिष्ट्य असते. श्रेय आणि दोष दोन्ही वाऱ्यावर फिरत राहतात आणि ज्याला जे सोयीचे ते तो उचलतो.

१७७२ मध्ये जानोजी वारले. मुधोजींच्या मुलाला, रघूजीला, दत्तक घेण्याचे त्यांनी ठरविले होते आणि माधवरावांची त्याला संमतीही होती. पण त्याच वर्षी माधवरावही गेले. मग मुधोजी आणि साबाजी या भावांत युद्ध पेटले. जानोजींच्या पत्नी दर्याबाई साबाजींच्या बाजूने. जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींनी साबाजींना स्वतःच्या हाताने गोळी घालून मारले आणि अल्पवयीन दुसऱ्या रघूजीच्या नावाने ते राज्य करू लागले. या पर्वातही परराष्ट्रकारणात नाव दिसते ते त्याच माणसाचे. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात ते 'दिवाकर पंडित' होऊन येतात.

१७७८ मध्ये पुण्याविरुद्ध युद्ध पुकारलेल्या वॉरन हेस्टिंग्जला नागपूर आपल्या बाजूला हवे होते. त्याने पुढे केलेले आमिष आपल्या ओळखीचे आहे : साताऱ्याची गादी. आदल्या वर्षी रामराजे वारले होते. भोसले कुळातल्या मुधोजींनी हक्क सांगावा, इंग्रज पाठीशी राहतील. पंधरा वर्षांपूर्वी विठ्ठल सुंदर यांनी जानोजींना जे दाखविले तेच आता कलकत्त्याहून मुधोजींना दाखविले जात होते. ही बोलणी करण्यासाठी निघालेला हेस्टिंग्जचा विश्वासू अधिकारी अलेक्झांडर इलियट वाटेतच, सप्टेंबर १७७८ मध्ये, छत्तीसगडच्या सारंगढ मुलखात तापाने मेला. छत्तीसगडचा इतिहास केवळ स्थानिक नव्हता, कलकत्ता आणि नागपूर यांच्यामधली वाट इथूनच जात होती, याची ही एक खूण.

या वेळी नागपूर मोहात पडले नाही. साताऱ्याचा नाद मुधोजींनी धरला नाही. पण त्यांनी इंग्रजांना दुखविलेही नाही. गॉडर्डची फौज नर्मदेकाठून पुढे गुजरातेकडे गेली तेव्हा आडकाठी केली नाही. नंतर नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर आणि भोसले यांची चौकडी जमविली, तेव्हा भोसल्यांवर बंगालवर स्वारी करण्याची जबाबदारी आली. नकार देणे शक्य नव्हते. मुधोजींचे पुत्र चिमणाजी मोठी फौज घेऊन १७७९ च्या दसऱ्याला निघाले; आणि कटकला पोचले १७८० च्या उन्हाळ्यात! नागपूर ते कटक हा रस्ता कुणी कधी इतक्या सावकाश चालले नसेल. कटकला बसूनही बंगालवर स्वारी झाली नाही. हेस्टिंग्जने लाखो रुपये दिले आणि १७८१ मध्ये भोसल्यांशी समझोता केला. नानांना दिलेले वचन शब्दशः पाळले गेले होते. फौज निघाली होती. आणि वचनाचा आत्मा पूर्णपणे गायब होता.

याला काय म्हणायचे? पुण्याच्या बाजूने पाहिले तर हा विश्वासघात. चारही बाजूंनी एकाच वेळी घाव पडले असते तर इंग्रजांची सत्ता त्याच वेळी डळमळली असती, असा विचार त्या काळच्या अभ्यासकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. नागपूरच्या बाजूने पाहिले तर मुलूख युद्धातून वाचला, तिजोरीत पैसा आला, कटक हातात राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच देवाजीपंतांची कारकीर्द वादग्रस्त आहे. १७८१ मध्येच ते वारले. हेस्टिंग्ज त्यांच्या भेटीची वाट पाहत होता. पुण्याशी तह घडवून आणायला त्याला हाच माणूस मध्यस्थ म्हणून हवा होता. ज्याला शत्रू आणि मित्र दोघेही मध्यस्थ मानतात, त्याच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

शंका आहे ती कौशल्याच्या उद्दिष्टाविषयी. देवाजीपंतांच्या मसलतीत पुढचा तह, पुढची चाल, पुढचा हप्ता स्पष्ट दिसतो. वीस वर्षांनंतरचे नागपूर दिसत नाही. सतत कुंपणावर राहून नागपूरने प्रत्येक वेळी काहीतरी मिळविले, पण पुण्याने नागपूरवर, आणि नागपूरने पुण्यावर, डोळे मिटून विश्वास ठेवावा असे नाते उभे राहिले नाही. १८०३ मध्ये दुसरे रघूजी शिंद्यांच्या बरोबरीने इंग्रजांशी लढायला उभे राहिले तेव्हा पेशवे आधीच वसईच्या तहाने इंग्रजांच्या पदरी गेलेले होते. अडगावला पराभव झाला, देवगावच्या तहाने कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. ज्या कटकासाठी एवढी कसरत केली होती ते एका हिवाळ्यात संपले. आणि कनकापूरला पुण्याने नागपूरवर लादलेल्या अटी पुन्हा वाचा : परवानगीवाचून फौज नको, स्वतंत्र परराष्ट्रव्यवहार नको, संरक्षण आम्ही करू. त्याच जातीच्या अटी पुढे इंग्रजांनी पुण्यावर आणि नागपूरवर लादल्या. आपल्याच माणसांवर अविश्वास दाखविणारी कलमे आपण लिहिली, आणि परक्याने ती उचलली एवढेच.

या सगळ्यात छत्तीसगडची रयत कुठे होती? ती कोणत्याही मसलतीत नव्हती. नजराणा, दरसालचे पाच लाख एक रुपया, कटकच्या वाटेवर सावकाश चालणाऱ्या फौजेचा दाणागोटा, हे सर्व शेवटी शेतसाऱ्यातूनच निघते. बिंबाजी निदान रतनपूरला राहत होते. त्यांच्यानंतर कारभारी नागपूरला आणि वसुली इथे, अशी स्थिती आली. सल्लागार, त्याचा धनी आणि किंमत मोजणारा माणूस यांच्यात जितके अंतर वाढते तितका सल्ला धाडसी होत जातो, हा राज्यकारभारातला नियम मला नागपूरच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

आज राजे नाहीत, पण शहाणे आहेत. निवडणूक-सल्लागार हा आता एक प्रस्थापित व्यवसाय झाला आहे. प्रशांत किशोर यांनी २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या प्रचारासाठी काम केले, २०१५ मध्ये बिहारमध्ये त्याच पक्षाच्या विरोधातील महाआघाडीसाठी, आणि २०२१ मध्ये पश्चिम बंगालात तृणमूल काँग्रेससाठी; पुढे त्यांनी स्वतःचाच पक्ष काढला. यात बेकायदा काही नाही, आणि देवाजीपंतांशी त्यांची तुलना करायची तर फरकही मोठा आहे : पंतांचा धनी एकच घराणे होते, आजच्या सल्लागाराला धनी निवडता येतो. साम्य एवढेच की विजयानंतर दिलेली वचने सांभाळण्याचे काम सल्लागाराचे नसते. ते प्रशासनाकडे येते. तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागते ते तिथल्या कारकुनाला.

म्हणूनच इंग्रजी अमदानीतून आलेल्या आपल्या प्रशासनातील एका कंटाळवाण्या पद्धतीची मला कदर वाटते. ती म्हणजे फाइलीवरची टिपणी. अधिकाऱ्याने आपले मत लेखी मांडायचे, खाली सही आणि तारीख घालायची. वरिष्ठाला ते अमान्य असेल तर त्यानेही कारण लिहायचे. याने कामाला उशीर होतो, लोक चिडतात, आणि पुष्कळदा त्यांचे चिडणे योग्यही असते. पण त्या सहीमुळे तीस वर्षांनंतरही विचारता येते, की हा सल्ला कुणी दिला, कोणत्या माहितीवर दिला, आणि तोटा कुणाला होईल याचा विचार त्यात होता का. देवाजीपंतांना हे विचारण्याची सोय नाही. तोंडी आदेश आणि बंद दारामागचा सल्ला यांचे प्रमाण जेव्हा जेव्हा वाढते, तेव्हा आपण नकळत अठराव्या शतकाकडे परत जात असतो.

देवाजीपंत चोरघडे शहाणे होते यात वाद नाही. त्या शहाणपणाला एकच प्रश्न विचारायचा राहून गेला : हा सल्ला धन्याच्या फायद्याचा आहे हे खरे, पण राज्याच्या फायद्याचा आहे का? धनी आणि राज्य या दोन गोष्टी एकच आहेत असे जो सल्लागार धरून चालतो, तो कितीही हुशार असला तरी त्याची बेरीज केव्हातरी चुकते. छत्तीसगडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. आपल्या पूर्वजांनी इथे राज्य केले याचा अभिमान बाळगताना, त्या राज्याचे हप्ते ज्यांनी भरले त्यांची नातवंडे-पणतवंडे आज आपले शेजारी आहेत, हेही आपण लक्षात ठेवतो का?